दारात बसवलेलं गाणं

मी आता जे सांगणार आहे त्यावर आमच्या इमारतीत कोणाचाही विश्वास बसणार नाही. शेजारच्या इमारतीत तर मुळीच नाही, कारण तिथे मला जास्त ओळखतात. तरीही सांगतो. बावीस वर्षं जुन्या गाडीच्या दारांत मी माझ्या या दोन हातांनी स्पीकर बसवले आणि त्यातून असा आवाज काढला, की तसा आवाज ती गाडी बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकानेही आपल्या गाडीत कधी ऐकला नसेल. हे हात चौतीस वर्षं पाणीखात्यात मीटर तपासत होते, हे लक्षात घ्या. म्हणजे कौतुक आणखी वाढेल.

विषय निघाला एका मुठीवरून. परवा सकाळी आम्ही इमारतीखालच्या बाकावर बसलो होतो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको आणि तिचं विणकाम. दुसऱ्या मजल्यावरचा नवा भाडेकरू आपली स्कूटर काढायला आला. सभ्य माणूस. अजून मला नीट ओळखत नाही, म्हणून थांबला आणि माझ्या गाडीत डोकावून म्हणाला, "काका, गाडीच्या दाराला आतून ही स्वयंपाकघरातल्या कपाटाची मूठ कशी काय?"

आता असा प्रश्न समोरून चालत आला तर मी काय करणार? फक्त एक अडचण होती. ही हकिकत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे, पण दरवेळी बायको आसपास नसताना. मी तिच्याकडे पाहिलं. तिने सुया थांबवल्या नाहीत.

"सांगा की," ती म्हणाली. "मीही ऐकते. मला तरी कुठे सगळी माहीत आहे?"

भाडेकरू बाकाच्या टोकावर टेकला. कामावर जायला त्याला उशीर होत होता, पण ते त्याच्या साहेबाने बघावं.

तर त्याचं असं झालं. लग्न झालं त्या वर्षी माझी बायको रेडिओवर गायली होती. एकदाच. दोन कडव्यांचं गाणं, साडेचार मिनिटांचं. सकाळी अकरा पाचला सुरू होणार, मग हवामानाचा अंदाज. मी रजा काढून घरी बसलो होतो. बायको माझ्यासमोर, हात मांडीवर घट्ट धरून. अकराला पाच कमी असताना मला वाटलं, रेडिओचा आवाज जरा दबका येतोय. सेल उतरले असतील. आपल्या बायकोचं गाणं, ते उतरलेल्या सेलवर ऐकायचं? मी कोपऱ्यावरच्या दुकानात धावलो. दुकानदार गल्ल्यावर नव्हता. तो आला, त्याने शिडी लावली, सेल काढले, पुसले. मी नवे सेल घेऊन घरात शिरलो तेव्हा रेडिओवर एक गृहस्थ सांगत होते, की उद्या आकाश निरभ्र राहील.

बायको काही बोलली नाही. त्यावर ती छत्तीस वर्षं काही बोलली नाही. ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना कळेल, की यापेक्षा रोज दोन तास बोलली असती तरी परवडलं असतं.

आणि गेल्या वर्षी रेडिओ केंद्रातून फोन आला. जुन्या कपाटात काही फिती सापडल्या होत्या. त्यातली तिची फीत पुढच्या रविवारी लावणार होते. सकाळी अकरा पाचला. नंतर हवामानाचा अंदाज.

मी त्याच क्षणी मनाशी ठरवलं, की या वेळी जग इकडचं तिकडे झालं तरी हे गाणं मी ऐकणार. पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, तिच्या शेजारी बसून. आणि ऐकणार ते चांगल्या आवाजात.

घरातला रेडिओ मी पूर्वीच एकदा दुरुस्त केला होता, म्हणून तो बंद होता. आमचं केंद्र छोटं, ते मोबाइलवर येत नाही. राहिली गाडी. गाडीत रेडिओ होता, पण स्पीकर एकच, मागच्या काचेखाली. त्यातून कोणीही गायलं तरी डब्यात बसून गातंय असं वाटायचं.

"तोच चांगला आहे," बायको तेव्हा म्हणाली होती. "त्यातून ऐकू येतं ना? मग राहू द्या."

"ऐकू येणं वेगळं आणि ऐकणं वेगळं," मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की त्या भरात मी तो जुना स्पीकर उपटून भंगारवाल्याला देऊन टाकला. परतीचे दोर कापणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी दोन नवे गोल स्पीकर आणले, आणि मंगळवारी सकाळी गाडीची चारही दारं सताड उघडी टाकून कामाला बसलो. गाडीची दारं उघडी टाकून बसलेला माणूस म्हणजे सल्ल्यांचं उघडं दुकान. दूध आणायला निघालेला थांबतो, कचरा टाकायला आलेला थांबतो. एकाने तर वरून खिडकीतून ओरडून सांगितलं, "काका, आधी बॅटरीची वायर काढा!" मी वर बघून हात केला आणि पाच मिनिटांनी, तो आत गेल्यावर, काढली. सल्ला योग्य असला तरी लगेच ऐकायचा नसतो. सवय लागते लोकांना.

पण खरा पहिला सल्ला आला तो आमच्या सेक्रेटरीसाहेबांकडून, आणि तो लेखी होता. इमारतीच्या आवारात 'कामकाज' करायचं तर अर्ज हवा. मी त्यांच्या कचेरीत गेलो. कचेरी म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, एक पंखा, आणि पंखा लावू नये अशी सूचना.

"जागा माझी, गाडी माझी, दार माझं," मी म्हणालो. "अर्ज कशाला?"

"जागा तुमची, पण आवाज जाणार हवेतून," सेक्रेटरी म्हणाले. "हवा सगळ्यांची." त्यांनी माझ्यापुढे छापील कागद सरकवला. त्यावर तीन चौकोन होते: गळती, रंगकाम, इतर. मी 'इतर'वर खूण केली. 'इतर' पाहून त्यांचा चेहरा गंभीर झाला. "इतर असेल तर शेजारच्या पार्किंगवाल्याचं ना-हरकत पत्र लागेल."

"शेजारचं पार्किंग तुमचंच आहे."

"ते मला माहीत आहे. पण आत्ता मी सेक्रेटरी म्हणून बसलोय. शेजारी म्हणून मी संध्याकाळी सहानंतर घरी भेटतो."

संध्याकाळी सव्वासहाला मी त्यांची बेल वाजवली. त्यांनी बनियनवर दार उघडलं आणि म्हणाले, "अरे, या या! आज इकडे कुठे?" जणू सकाळी जिन्याखाली त्यांचा जुळा भाऊ बसला होता. पत्र दोनदा वाचलं, आमच्या संबंधांना किती वर्षं झाली ते मोजलं, सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तेच पत्र मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं.

"ही सही त्यांचीच कशावरून?"

"कोणाची?"

"शेजाऱ्यांची."

मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे. लोकांना रांगेत उभं करून चुकीच्या खिडकीकडे पाठवण्यात मला एकेकाळी मानाचं स्थान होतं. पण त्या सकाळी मी त्या माणसाला मनातून हात जोडले. शेवटी त्यांनी स्वतःच्या सहीशेजारी ती सही स्वतःची असल्याची सही केली, आणि परवानगी दिली. अटी दोन. काम दहा ते एक, आणि रविवारी अकरा वाजता टाकीचा पंप चालू होईल, त्याच्या आवाजाबद्दल तक्रार चालणार नाही.

"पंप रविवारी अकरालाच का?" मी विचारलं.

"पूर्वापार," ते म्हणाले. इमारत नऊ वर्षांची आहे.

पंप आमच्या पार्किंगला लागूनच. तो चालू झाला की शेजारच्या माणसाचं बोलणं ओठांवरून वाचावं लागतं. मी विचार केला, गाडीच्या काचा बंद केल्या की काय तो पंप? उलट आत कसं गाभाऱ्यासारखं शांत वाटेल. त्या बाबतीत माझा अंदाज बरोबर होता, हे आत्ताच सांगून ठेवतो. एकूण हकिकतीत माझे बरोबर आलेले अंदाज थोडे आहेत.

बाकावर सुया चालूच होत्या. भाडेकरूने घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मासा गळाला लागला होता.

बुधवारी मी दाराचं आतलं आवरण काढलं. ते क्लिपांवर बसवलेलं असतं. एका दाराला नऊ क्लिपा. त्यातल्या सहा मोडल्या, दोन उडून सेक्रेटरींच्या गाडीखाली गेल्या आणि एक शाबूत राहिली. ती मी अजून जपून ठेवली आहे. आवरणाबरोबर दार उघडायची मूठही हातात आली. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. पण उत्तर मिळालं म्हणून उठू नका, हकिकत अजून बसलेलीच आहे.

पत्रा दिसायला लागल्यावर भोक पाडायची वेळ आली. स्पीकर सहा इंची, असं खोक्यावर लिहिलं होतं. आता पाणीखात्यात सहा इंची म्हणजे आतून सहा इंची. नळ कितीका जाड असेना, पाणी जातं ती पोकळी मोजायची, कड वेगळी. चौतीस वर्षांची शिस्त! मी खोक्यातला कागद न वाचता आत सहा इंच आणि कडेसाठी वेगळा अर्धा इंच धरून सुबक गोल आखला आणि पत्रा कापायच्या कात्रीने कापला. इतका गोल, की आमचे जुने इंजिनियरसाहेब बघायला हवे होते. मग स्पीकर उचलला, भोकाला लावला, आणि तो दारात पडला.

नुसता पडला नाही. आत गेला. ठण्‌ण् करून तळाशी जाऊन बसला. स्पीकरचं माप कडेसकट असतं, हे मला त्या आवाजावरून कळलं. स्पीकर बसवल्यावर आलेला तो पहिला आवाज. आणि खरं सांगतो, तोही भरदार होता.

एवढ्यात मास्तर खाली आले. मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहतात. शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले तरी पदार्थांना त्यांनी अजून मोकळं सोडलेलं नाही. त्यांनी दारात वाकून पाहिलं, बोटाने पत्रा वाजवला, कान लावला.

"पोकळी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दार पोकळ आहे. तुम्ही दारात स्पीकर बसवत नाही आहात, दाराचाच स्पीकर करताय. पोकळी भरा. काहीतरी मऊ. नाहीतर आवाज आतल्या आत हिंडत बसेल आणि गाण्याच्या जागी घागर ऐकू येईल."

घागर म्हटल्यावर माझ्यापुढे पर्यायच उरला नाही. गाणं कोणाचं होतं? मी घरात गेलो. मऊ काय आहे म्हणून बघितलं. बायको बाहेर गेली होती. टोपलीत जांभळ्या लोकरीचे अकरा गुंडे होते.

इथे सुया एकदा थांबल्या.

"बारा," बायको म्हणाली.

बारा. मी ते दोन्ही दारांत प्रेमाने भरले. भोकाची कड वाढवायला पाटाच्या जुन्या फळीतून लाकडी कडं कापलं, त्यावर स्पीकर बसवला, तो राहिला. मास्तर म्हणाले, "आता काच खाली-वर करून बघा, अडते का." मी हँडल फिरवलं. काच खाली गेली. पुन्हा फिरवलं. वर आली, जरा जड. तिसऱ्यांदा आतून खट् असा आवाज आला, आणि मी आणखी जोरात फिरवू लागलो.

आता भाडेकरूसाहेब, पुढचं तुम्हाला खोटं वाटेल. दाराच्या आत दातेरी चाकं असतात. त्या चाकांच्या दातांत लोकर गेली, आणि काच खाली-वर होईल तशी ती एका दातावरून दुसऱ्या दातावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाऊ लागली. खाली, वर, खाली, वर. मी फिरवतोय, मास्तर मोजतायत. आणि काचेच्या फटीतून हळूहळू जांभळं विणकाम बाहेर यायला लागलं! एक उलटा, एक सुलटा. हातभर. मास्तर म्हणाले, "बाही आहे."

भाडेकरू बायकोकडे बघायला लागला. ती शांतपणे टाके मोजत होती.

"काकू, खरंच?"

"बाही मी पाहिली नाही," ती म्हणाली. "पण लोकर गेली, एवढं खरं. चालू द्या तुमचं."

बघा. घरच्या माणसाने दुजोरा दिला. आणखी काय पाहिजे?

तर लोकर अशी गुंतली की काच वर जाऊन कायमची बसली. ती आजही खाली येत नाही. लोकर उपसताना वायरही थोडी उपसली गेली. शुक्रवारी मी हार मानली नाही, फक्त एका स्पीकरवाल्याला बोलावलं. हा माणूस आयुष्यभर गाड्यांत रेडिओ आणि स्पीकर बसवत आलेला. त्याला यायला शनिवार उजाडला. तो गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून थांबला आणि प्रत्येक कारागीर जो प्रश्न दुसऱ्या कारागिराच्या कामाकडे बघून विचारतो तो त्याने विचारला.

"हे कोणी केलं?"

"आधीच्या मालकाने," मी म्हणालो.

"गाडी तुमच्याकडे किती वर्षं आहे?"

"बावीस."

त्याने लाकडी कड्याचा कापलेला भाग नखाने खरवडला. ताजा भुसा खाली पडला. "आधीचा मालक अधूनमधून येतो वाटतं," तो म्हणाला.

काम जाणणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, निदान त्याचं काम होईपर्यंत. त्याने ड्रायव्हरची सीट काढून वऱ्हांड्यात ठेवली, गालिचा उचलला, वायरी बघितल्या. दोन्ही स्पीकरच्या वायरी मी डाव्या दाराच्या बिजागरीपाशी एकाच सांध्यातून नेल्या होत्या. मला ती काटकसर वाटली होती. त्याने तिला दिलेलं नाव मी बायकोसमोर सांगणार नाही.

"काका, ही वायर तोकडी पडलीये. जोड द्यायचा तर नवी ओढावी लागेल, दार पुन्हा खोलावं लागेल. सोमवारी करतो."

"सोमवारी?" मी म्हणालो. "अहो, गाणं उद्या आहे!"

"कोणाचं?"

मी वर आमच्या खिडकीकडे बोट केलं. बायको तिथे टॉवेल वाळत घालत होती. ती काही गुणगुणत होती. छत्तीस वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. स्पीकरवाल्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज बदलला.

"उद्या सकाळी दहाला येतो. होईल तेवढं करतो."

रविवारी तो दहाला आलाही. वाकून, झोपून, उलटा होऊन त्याने दोन्ही स्पीकर जोडले. साडेदहाला रेडिओ लावला. आणि काय सांगू! कोणीतरी बातम्या वाचत होतं, पण असं वाटलं की तो माणूस गाडीत आपल्या शेजारी बसून खास आपल्याला सांगतोय. मला भरून आलं. मी म्हणालो, "दार लावून बघू." दार लावलं, आणि सगळं गप्प झालं. दार उघडलं, बोलायला लागला. लावलं, गप्प.

"सांधा सुटतोय," स्पीकरवाला म्हणाला. "दार लावलं की वायर ओढली जाते." त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. तिथे एका गाडीचा भोंगा सकाळपासून थांबत नव्हता. जाताना त्याने बिजागरीच्या फटीतून दोन्ही वायरींची उघडी टोकं बाहेर काढून दाखवली. "पीळ बसायला बोटभर कमी आहे. पण कोणी बाहेर उभं राहून ही दोन टोकं अशी चिमटीत दाबून धरली ना, तर दार लावूनही वाजेल. सोडली की बंद."

"शॉक?"

"नाही हो. पण हलायचं नाही."

पावणेअकरा झाले होते. गाडी पंपापासून दूर न्यावी म्हटलं तर ड्रायव्हरची सीट वऱ्हांड्यात, आणि तिच्यावर मांजर. दार उघडं ठेवून ऐकावं म्हटलं तर पंप. बायको खाली आली. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. रेडिओवरचं गाणं ऐकायला! तिने गाडीकडे पाहिलं, लोंबणाऱ्या आवरणाकडे पाहिलं, वायरींकडे पाहिलं, आणि मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसली. हात मांडीवर, घट्ट धरून. अगदी तशीच.

म्हणजे आता प्रश्न एवढाच होता, की दोन टोकं धरून बाहेर कोण उभं राहणार?

भाडेकरू पुढे सरकला. मी मुद्दाम जरा थांबलो. अशा जागी थांबायचं असतं.

आणि अशा वेळी माणूस ओळखावा. मास्तर पुढे झाले! म्हणाले, "तुम्ही आत बसा. छत्तीस वर्षांपूर्वी जे राहिलं ते आज राहता कामा नये. ही टोकं मी धरतो. विज्ञानाची सेवा समजा." अकराच्या ठोक्याला सेक्रेटरींनी पंप चालू केला. असा गडगडाट, की भिंतीवरची पाल उठून दुसऱ्या भिंतीवर गेली. मास्तरांनी चिमटी दाबली. मी आत शिरलो, तिच्या शेजारी बसलो, दार ओढून घेतलं. बाहेरचं जग पुसून टाकल्यासारखं गेलं. शांत. आणि दोन्ही दारांतून निवेदिकेने माझ्या बायकोचं नाव घेतलं.

काय सांगू, साहेब. पहिला स्वर आला आणि मला ते दुकान आठवलं, ती शिडी आठवली, तो सेल पुसत बसलेला दुकानदार आठवला. मला वाटलं, जाऊन त्याला सांगावं, राहू दे तुझे सेल. पंचवीस वर्षांची मुलगी गात होती, आणि ती माझ्या शेजारी बसून ऐकत होती, एकसष्ट वर्षांची. डाव्या दारातून एक श्वास ऐकू येई, उजव्या दारातून दुसरा. पहिलं कडवं संपलं तेव्हा मी नुसतं बसून होतो. पण दुसऱ्या कडव्यात तिने वर जाऊन जो स्वर लावला, अहो, तिथे मी संपलो. मी डोळे मिटले, मान डोलावली आणि डोळे पुसले. शेवटपर्यंत ऐकलं. एक अक्षर सुटलं नाही.

मी थांबलो. भाडेकरूचे डोळेही जरा ओले झाले होते. काम फत्ते झालं होतं. तो म्हणाला, "वा, काका. शेवटी ऐकलंत."

सुया थांबल्या. या वेळी त्या खाली ठेवल्या गेल्या.

"खोटं," बायको म्हणाली.

"कोणतं? बाही?"

"बाही राहू द्या. मास्तर शनिवारीच मुलीकडे गेले होते, ते मंगळवारी परत आले."

"मग... सेक्रेटरी असतील. गर्दी होती गं, नीट लक्षात..."

"कोणी नव्हतं. आणि दुसरं कडवं त्यांनी वाजवलंच नाही. वेळ संपली म्हणून मध्येच थांबवलं."

मी भाडेकरूकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"बंद काचेतून मला दिसत होतात तुम्ही," ती म्हणाली. "पंपाशेजारी, बिजागरीत दोन बोटं घालून, श्वाससुद्धा न घेता उभे. तुम्हाला एक स्वर ऐकू येत नव्हता. घड्याळाकडे बघत होतात, आता कुठवर आलं असेल म्हणून. मी गात होते तेव्हा खांबासारखे ढिम्म. मग गाणं थांबलं आणि हवामानाचा अंदाज लागला, आणि तुम्हाला वाटलं दुसरं कडवं आलं. डोळे मिटून अशी मान डोलावलीत, अशी डोलावलीत..." तिने विणकाम उचललं आणि सुटलेला टाका शोधू लागली. "उद्या आकाश निरभ्र राहील एवढ्यावर कोणी इतकं रडलेलं मी अजून पाहिलं नाही."